सांगणाऱ्यालाच शिक्षा

वीस वर्षांहून जास्त शिकवल्यावर एक शब्द मला नकोसा झाला आहे. तो म्हणजे 'चुगली'. पहिलीतलं पोर बाईंकडे धावत येतं, "बाई, यानं मला मारलं." बाई वह्या तपासत असतात. मान वर न करता म्हणतात, "चुगल्या करू नको, जागेवर बस." ते पोर जागेवर जाऊन बसतं आणि पुढची दहा वर्षं बसूनच राहतं. दहावीत कुणी त्याचा फोटो घाणेरड्या मजकुरासकट पसरवला तरी ते कुणाला सांगत नाही. मग आम्हीच त्याला समोर उभं करून विचारतो, "अरे, पण आधी का नाही सांगितलंस?"

शाळेतल्या छळाबद्दल, मोबाइलवरून होणाऱ्या छळाबद्दल गेल्या काही वर्षांत बरंच बोललं गेलं. शासन निर्णय निघाले, समित्या नेमल्या, भिंतींवर तक्रारपेट्या लागल्या. मला त्यांच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. मला दिसतं ते असं, की आपल्याकडे छळ सोसणाऱ्या पोराला जेवढं भोगावं लागतं, त्याहून जास्त छळ झाल्याचं सांगणाऱ्या पोराला भोगावं लागतं. पोरांना हा हिशोब पक्का ठाऊक असतो. तो बदलत नाही तोवर कुठलीही पेटी रिकामीच राहणार.

मी जळगाव जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवतो. आमची निम्मी पोरं आसपासच्या खेड्यांतून एसटीच्या पासवर येतात. काही वर्षांपूर्वीच्या एका २६ जानेवारीला आठवीतल्या एका मुलाने भाषण केलं. आठ दिवस त्याने ते पाठ केलं होतं. माइकसमोर उभा राहिला, घाबरला, आणि घाबरल्यावर माणसाच्या तोंडून घरची भाषा येते तशी त्याच्याही आली. "माझ्या साळेतील गुरुजनहो," तो म्हणाला. मैदान हसलं. सूत्रसंचालन मी करत होतो. मीही हसलो. मोठ्याने नव्हे, ओठांतल्या ओठांत; पण पहिल्या रांगेतल्या पोरांनी ते पाहिलं.

कार्यक्रमाचा व्हिडिओ दुपारी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला. कुणीतरी त्यातले ते चार सेकंद कापले. त्याच्या उघड्या तोंडाचा फोटो काढून स्टिकर केला आणि खाली लिहिलं 'साळा'. संध्याकाळच्या गाडीत ज्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं तेही त्याला त्याच शब्दाने हाका मारायला लागले. कुणी काहीही विचारलं की ग्रुपवर उत्तर म्हणून तो स्टिकर पडायचा. गणिताचं उत्तर चुकलं, स्टिकर. उद्या सुट्टी आहे का, स्टिकर.

तीन आठवड्यांनी त्याची आई शाळेत आली. डोक्यावरचा पदर सारखा करत स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पोऱ्या साळामा येवाले नही म्हणस. पोट दुखस म्हणस." ग्रामीण रुग्णालयात दाखवून झालं होतं. पोटात काही निघालं नव्हतं. ती बोलत होती आणि माझं लक्ष तिच्या एकाच शब्दाकडे होतं. जो शब्द पोराच्या गळ्यात धोंड्यासारखा बांधला गेला होता, तो त्याच्या आईचा रोजचा, साधा, प्रेमाचा शब्द होता.

त्यानंतर मी केलं ते चूक होतं आणि ते लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण आजही बहुतेक शिक्षक तेच करतात. मी तडक वर्गात गेलो, त्या मुलाला उभं केलं आणि म्हणालो, "कोण कोण त्रास देतं, नावं सांग. घाबरू नको." त्याने बाकाकडे पाहिलं. सगळा वर्ग त्याच्याकडे पाहत होता. तो म्हणाला, "कोणी नाही सर." मी वर्गाला पाच मिनिटं झापलं, माणुसकीवर बोललो आणि प्रकरण मिटलं असं समजलो. त्या दिवसापासून त्याला दुसरं नाव मिळालं, चुगलखोर. खरं तर त्याने काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं त्याच्या आईने. जूनमध्ये त्याचा दाखला मामाच्या गावी गेला. वर्षभराने स्टँडवरच्या रसवंतीवाल्याने मला सहज विचारलं, "सर, तुमचा तो बारकासा पोरगा येत नाही का आता? सातच्या गाडीपर्यंत बसून राहायचा इथं." शाळा पाचला सुटते. सव्वापाचची गाडी त्याच्या गावाला जाते. त्या गाडीत ती पोरं असायची म्हणून तो रोज पावणेदोन तास अंधार पडेपर्यंत तिथे एकटा बसत होता, आणि हे त्या रसवंतीवाल्याला ठाऊक होतं. मला, त्याच्या वर्गशिक्षकाला, नव्हतं.

खान्देशातल्या शाळांमध्ये पोराला टोचायचं सर्वांत सोपं हत्यार त्याची बोली आहे. २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा खान्देशी गटातली नोंदली गेली. त्यात अहिराणी सर्वांत मोठी. एवढ्या माणसांची भाषा शाळेच्या फाटकातून आत आली की चेष्टेचा विषय होते. बहिणाबाई चौधरींची खान्देशी बोलीतली कविता आम्ही पाठ्यपुस्तकातून शिकवतो, तिच्यावर पाच गुणांचा प्रश्न काढतो, आणि त्याच तासाला एखादं पोर घरच्यासारखं बोललं की त्याला 'नीट बोल' म्हणतो. नंदुरबारकडे पावरा आणि भिल्ल पोरांचं तर दुहेरी होतं. त्यांना शाळेची मराठी परकी आणि बाजूच्या पोरांची अहिराणीही परकी. भाषेनंतर आडनाव येतं, मग वस्ती, मग डब्यातली भाकरी. शिकवणाऱ्या माणसाने यातलं काहीही एकदा हसण्यावारी नेलं, की वर्गाला परवाना मिळतो.

मोठी माणसं इथे एक मुद्दा हटकून काढतात. आमच्या वेळी काय चिडवत नव्हते? आम्हाला नाही का नावं पडली? त्यानेच माणूस घट्ट होतो. मला हा मुद्दा धुडकावून लावायचा नाही, कारण तो मांडणारे बरेचदा स्वतः ते सोसलेले असतात. पण भांडण आणि छळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून यावर संशोधन केलं आणि तीन खुणा सांगितल्या. दुखवायचा हेतू असतो, ते पुन्हा पुन्हा होतं, आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो. सारख्या ताकदीची दोन पोरं मैदानात एकमेकांची कॉलर धरतात तेव्हा ते भांडण. दहा जण मिळून रोज एकालाच धरतात तेव्हा तो छळ. ही ताकद दंडातलीच असते असं नाही. बापाच्या ओळखीची असते, जातीची असते, शुद्ध बोलण्याची असते, महागड्या फोनची असते. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगभरात साधारण तीनपैकी एका विद्यार्थ्याने मागच्या महिन्याभरात असा त्रास सोसलेला होता. ज्या पोरांना 'घट्ट' व्हायचं होतं ती झाली, आपल्यासमोर आहेत. जी मोडली ती शाळा सोडून गेली, आणि पुढे त्यांनी आपल्याला येऊन काही सांगितलं नाही.

मोबाइलने हा छळ जन्माला घातला नाही. त्याने त्याची वेस मोडली. पूर्वी गाडी गावात शिरली, पोर उतरलं की त्या दिवसापुरतं संपायचं. घरी शेळ्या, शेत, आजी, चूल. उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, अंथरूण टाकलं की आभाळ. आता त्याच धाब्यावर उशाशी फोन असतो आणि रात्री साडेअकराला कुणीतरी स्टोरी टाकतं. शिवाय पूर्वी चिडवणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसायचा. डोळ्यांत पाणी आलं की दहातले दोघे तरी गप्प व्हायचे. पडद्यावर चेहरा दिसत नाही, नुसता हसण्याचा आकडा दिसतो.

ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांची माहिती आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला असं ५७ टक्के मुलांनी सांगितलं, समाजमाध्यमांसाठी वापरला असं ७६ टक्के मुलांनी. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी एखादं खातं ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची हे ६२ टक्क्यांना माहीत होतं. म्हणजे दहातल्या जवळजवळ चौघांना आपल्या घराला आतून कडी कशी लावायची हेच ठाऊक नाही. हे शिकवायला एक तास पुरतो. पण नुसतं तेवढं शिकवून भागत नाही, कारण कडी लावता येणाऱ्या पोरीही गप्प बसतात.

दहावीतल्या एका मुलीचं सांगतो. मावसबहिणीच्या हळदीत ती नाचली, फोटो स्टेटसला ठेवला. कुणीतरी स्क्रीनशॉट काढला, तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर फेक आयडी उघडली, तो फोटो लावला आणि खाली नको ते लिहिलं. वडिलांचा मोबाइल नंबरही टाकला. तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. घरी कळलं दीड महिन्याने, तेही वडिलांना रात्रीबेरात्री फोन यायला लागले तेव्हा. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी तिला जवळ बसवून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, सांगितलं असतं तर आधी फोन गेला असता. मग क्लास गेला असता, मग शाळा. आणि मग मामा स्थळ घेऊन आला असता."

पंधरा वर्षांच्या पोरीने केलेला हा हिशोब चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. त्या पोरीच्या वर्गातून त्याच वर्षी एक बाक रिकामं झालं होतं आणि कारण सगळ्यांना माहीत होतं. गुन्हा दुसऱ्याने केला, तरी 'झालं ते बस झालं' म्हणून घराबाहेरचं पाऊल बंद होतं ते तिचंच. वडिलांनी रागाच्या भरात केलंही तसंच. फोन हिसकावून घेतला, तिचं खातं उडवलं, आलेले सगळे मेसेज पुसले. त्याबरोबर पुरावाही पुसला गेला.

म्हणून ज्या घरात मुलं फोन वापरतात त्या घरासाठी सांगतो. असं काही झालं तर आधी काहीही पुसू नका. ज्या खात्यावरून आलं त्याचं नाव, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. त्या पानाची लिंक लिहून ठेवा. मग त्या ॲपवरच तक्रार करा. केंद्राच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्न किंवा अश्लील चित्रं, फेरफार करून बनवलेले फोटो आणि दुसऱ्याच्या नावाने उघडलेली खाती यांबाबत तक्रार आल्यावर कारवाईसाठी कंपन्यांना २४ तासांची मुदत घालून दिली होती; २०२६ मध्ये ती आणखी कमी झाली. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार नोंदवता येते. मुलांसाठी १०९८ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. मन फारच खचलं असेल तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी सेवेचा समुपदेशक बोलतो, मराठीतही. हे नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून द्यायला एक मिनिट लागतं. मी आता जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात लिहून देतो.

कायदे आहेत, हे खरं. दुसऱ्याची ओळख चोरणं, खासगी चित्र पसरवणं यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलमं आहेत. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो आणि त्यात ज्याला माहिती झाली त्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापक "शाळेचं नाव जाईल" म्हणून गप्प राहिले तर तोच गुन्हा ठरतो. जातीवरून हिणवणं तर वेगळंच प्रकरण आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा लोकांना मेडिकल-इंजिनिअरिंगच्या होस्टेलचा वाटतो. मी तो वाचला आहे. त्यातली शिक्षणसंस्थेची व्याख्या शाळा आणि वसतिगृहही मावतील इतकी रुंद आहे, आणि रॅगिंगमध्ये चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं, लाज वाटेल असं वागवणं हे सगळं येतं. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. केली नाही तर गुन्ह्याला साथ दिली असं मानलं जातं. आठवीतल्या पोराला या कायद्याखाली पोलिसांकडे पाठवावं असं मी म्हणणार नाही. पण ती सात दिवसांची मुदत प्रत्येक शाळेने स्वतःला लावून घ्यावी, कारण आमच्याकडच्या तक्रारी परीक्षा संपेपर्यंत नुसत्या पडून राहतात.

कायद्याचा आग्रह धरणाऱ्यांशी माझं एकच भांडण आहे. त्रास देणाऱ्या पोराच्या हातात दाखला द्या, केस करा, म्हणजे बाकीचे सरळ होतील, असं ते म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढताच येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत टाकता येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. ही तरतूद योग्यच आहे. दाखला देऊन काढलेलं पोर पुढच्या गावच्या शाळेत जातं आणि तिथे नवीन बारकं पोर शोधतं. त्याचे आईबाप बोलावले तर बरेचदा असं दिसतं, की ज्या शब्दांनी ते दुसऱ्याला मारतं ते शब्द त्याने घरीच खाल्लेले असतात. ते पोर सुटता कामा नये. त्याला एकट्याला बसवून, सरळ शब्दांत, 'हे आजपासून बंद' असं सांगायला हवं आणि ते बंद झालं का हे पुढच्या आठवड्यात पाहायला हवं. पण सगळ्या वर्गासमोर दोघांचे हात हातात देऊन 'सॉरी' म्हणायला लावणं हा प्रकार तर मी आता होऊच देत नाही. त्यात मार खाल्लेल्या पोराला माफ करण्याची सक्ती होते.

माझ्या मते खरी किल्ली आहे ती बाकीच्या पोरांकडे. माझ्या वर्गात स्टिकर बनवणारा एक होता, ग्रुपवर टाकणारे चार-पाच. उरलेले तीसेक जण काय करत होते? काही हसत होते. काही नुसते पाहत होते. दोघा-तिघांना वाईट वाटत होतं आणि आपला नंबर लागू नये म्हणून ते गप्प होते. फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिव्हाल्ली यांनी १९९६ मध्ये वर्गातल्या या सगळ्या भूमिका मांडल्या. कुणी छळतं, कुणी हाताखाली काम करतं, कुणी हसून चेव देतं, कुणी बाजूला उभं राहतं, कुणी पाठीशी उभं राहतं. तुर्कू विद्यापीठात त्याच पायावर एक शालेय कार्यक्रम तयार झाला आणि २००९ पासून तो फिनलंडच्या शाळाशाळांत गेला. त्याचं सगळं लक्ष या पाहणाऱ्या पोरांवर आहे. हसणं थांबलं की छळणाऱ्याला मिळणारं मानाचं पान जातं. फिनलंडचे वर्ग लहान, पैसा मोठा, हे मला मान्य आहे. पण यातली मुख्य गोष्ट फुकट आहे. वर्गातली मान असलेली दोन पोरं हेरायची, त्यांना एकेकटं बोलवायचं आणि सांगायचं, "तो गाडीत एकटा बसतो. आजपासून त्याच्या शेजारी बस. काही बोलू नको, नुसता बस." एवढं मी नंतर दोन-तीनदा केलं आहे. भाषण देऊन जे होत नाही ते शेजारी बसण्याने होतं.

शिक्षकांचं बोलणं हाही याच गोष्टीचा भाग आहे, आणि त्याबद्दल आम्ही आपसांत फार कमी बोलतो. "शिष्यवृत्तीवाले उभे राहा," असं भर वर्गात म्हणणं आजही चालू आहे. एका वाक्यात कोण कोणत्या समाजाचं हे सगळ्यांना कळतं आणि मधल्या सुट्टीत त्याचा वापर होतो. जाड्या, काळ्या, ढ, बहिरा ही नावं कितीतरी वर्गांत पहिल्यांदा फळ्याजवळून ऐकू येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे, पण छडी गेली आणि जीभ राहिली. ज्या वर्गात शिक्षक नावाने हाक मारतो, तिथे टोपणनावाला धार येत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे.

आश्रमशाळांविषयी वेगळं लिहायला हवं, कारण तिथे फोन नाही म्हणून त्रास नाही असं कुणी समजू नये. सातपुड्यातली पोरं सहा-सात वर्षांची असताना घर सोडून येतात. बादली कुणाची आधी भरायची, पंगतीत कुणी मागे बसायचं, मोठ्यांचे कपडे कुणी धुवायचे, रात्री कुणी कुणाला काय करायला लावायचं, हे सगळं दिवा मालवल्यावर ठरतं. आईला सांगायचं तर आई डोंगराच्या वर, दोन गाड्या बदलून आणि नंतर पायी. अधीक्षक एक, पोरं शेकड्यांनी. तिथे आधी माणसं हवीत, रात्री जवळ असणारी. याच खान्देशात, अमळनेरला, प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना साने गुरुजी छात्रालय सांभाळत. मुलांसाठी रोज हस्तलिखित दैनिक काढत. ते लिहायचं म्हणजे कोण रुसलं, कोण आजारी, कुणाचं कुणाशी बिनसलं हे रोज माहीत असायला लागतं. शंभर वर्षं होत आली त्याला. हल्ली आम्ही मुलांची माहिती रोज ॲपवर भरतो, आणि कोण रुसलं आहे याचा रकाना तिथे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. आमच्या भागात असा माणूस मिळणं अवघड आहे हे मी जाणतो. तालुक्याला दोघे नेमले आणि त्यांनी आठवड्याचा एकेक दिवस एकेका शाळेत काढला तरी सुरुवात होईल. इमारतींना रंग देण्यासाठी निधी येतो. यासाठीही तो मागायला हवा. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी मागायला हवा, कारण शिक्षकाने मागितलं की तो फाइलीत जातो.

पालकांकडे मी दुसरं एक मागतो. जूनच्या पालकसभेत मी आता एकच गोष्ट लिहून घेतो. मुलाने किंवा मुलीने स्वतःहून येऊन सांगितलं, तर फोन काढून घेणार नाही आणि शाळा बंद करणार नाही. खाली सही, नाहीतर अंगठा. पोराच्या देखत. फोन किती वेळ वापरायचा याचे नियम घराने जरूर करावेत, रात्री नऊनंतर तो आईच्या उशाशी ठेवावा, तेरा वर्षांआधी स्वतःचं खातं नकोच. पण सांगितल्याची शिक्षा म्हणून फोन घेऊ नये. एका बापाने मला विचारलं, "सर, चूक तिचीच निघाली तर?" मी म्हटलं, निघू द्या की. चूक असली तरी ती तुमच्याकडे आली, हे कुठल्याही पोलिसापेक्षा मोठं आहे. त्याने सही केली. सगळेच करत नाहीत.

पेटीचं राहिलं. २०१७ पासून शाळांत तक्रारपेटी हवी असा आदेश आहे. २०२२ मध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आल्या. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये पेटी, कॅमेरे, समित्या यांवर पुन्हा जोर आला. आमच्याकडे पेटी होतीच, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, शिपायाच्या खुर्चीशेजारी. त्या पेटीत चिठ्ठी टाकायची म्हणजे सगळ्या शाळेसमोर हात वर करून उभं राहायचं. कित्येक वर्षं तिच्यात फक्त चॉकलेटचे कागद निघाले.

दोन वर्षांपूर्वी ती काढून आम्ही जिन्याखाली, पाण्याच्या टाकीकडे जायच्या वाटेवर लावली. तिथून प्रत्येक पोर दिवसातून तीनदा जातं, त्यामुळे कोण कशाला गेलं हे कळत नाही. किल्ली एका बाईंकडे आणि माझ्याकडे. दर शनिवारी उघडतो. वर्गात येऊन सांगितलं, नाव लिहायची गरज नाही, अहिराणीत लिहा, पावरीत लिहा, चित्र काढा. आलेल्या गोष्टीचं काय झालं ते आठ दिवसांत कळेल. आणि कुणाला उभं करून विचारलं जाणार नाही. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं.

पहिले तीन शनिवार जे आलं ते असं होतं. नववी ब चा पंखा आवाज करतो. पाणी गरम असतं. मुलींच्या शौचालयाला आतून कडी नाही. बाईंनी सोमवारी सुतार बोलावून कडी बसवून घेतली. स्वतःच्या खिशातून, कारण मंजुरीला वेळ लागला असता.

चौथ्या शनिवारी आठ घड्या घातलेला एक कागद निघाला, वहीच्या कोपऱ्यातून फाडलेला. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, "सव्वापाचच्या गाडीत मागच्या सीटवर." पुढे काहीच नव्हतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी सायकल शाळेतच ठेवली आणि स्टँडवर जाऊन सव्वापाचच्या गाडीत मागे बसलो.